जन्मापूर्वींचा कायदा आणि जन्मानंतरचा आधार

आपल्या देशाच्या कायद्यांत दोन कायदे असे आहेत कीं, ते शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याची प्रथा आपल्याकडे पडलेली नाहीं. पहिला १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा. दुसरा १९९५ चा अपंग व्यक्तींच्या समान संधीचा व हक्करक्षणाचा कायदा. पहिल्यानें असें सांगितलें कीं, जन्मास येणारें मूल गंभीर शारीरिक किंवा मानसिक व्यंग घेऊन येईल असा खराखुरा धोका असेल, तर डॉक्टरानें गर्भ काढणें हा गुन्हा नव्हे. दुसऱ्यानें असें सांगितलें कीं, व्यंग असलेल्या मुलाच्या शिक्षणाची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे. या दोन वाक्यांमध्यें चोवीस वर्षांचें अंतर आहे. म्हणजे असें मूल जन्मास न येण्याची सोय कायद्यानें आधीं केली, आणि जन्मास आलेल्या मुलाची विचारपूस दोन तपांनंतर केली. हा क्रम निव्वळ योगायोगाचा नव्हे, असें आमचें मत आहे. तो तसा कां पडला, आणि त्याचें फळ धाराशिवसारख्या जिल्ह्यांतील आईबापांस कसें भोगावें लागतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विषय नाजूक आहे. गर्भपाताचा उच्चार सभ्य घरांत हळू आवाजांत होतो; आणि घरांत पांगळें किंवा मतिमंद मूल असलें तर पाहुणे त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखें करितात. परंतु ज्या गोष्टी घरांत मोकळेपणीं बोलल्या जात नाहींत त्यांचा निकाल कोणी तरी बाहेरचाच लावून टाकितो. म्हणून इतिहासाच्या आधारानें त्या बोललेल्या बऱ्या.

प्रथम जुन्या व्यवस्थेकडे पाहूं. धर्मशास्त्रानें भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच शास्त्रानें व्यंग असलेल्या माणसाविषयीं काय सांगितलें, तें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध, बहिरा, मुका, वेडा अशांस वडिलार्जित धनांत वाटा नाकारला आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकांत, वाटा घेणारांनीं त्यांस यथाशक्ति अन्नवस्त्र दिलेंच पाहिजे, न देईल तो पतित होय, असेंही बजावलें आहे. हक्क नाहीं, पण घास आहे, अशी ती व्यवस्था होती. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२८ च्या कायद्यानें वारशावरील हा निर्बंध बहुतांशीं उठविला, तरी जन्मतः वेड्या किंवा जडबुद्धि माणसास त्या सवलतींतून वगळलेंच होतें. तें उरलेंसुरलें बंधन १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें गेलें. मध्यंतरीं एकत्र कुटुंब मात्र हळूहळू मोडत चाललें होतें. एकत्र कुटुंबाचें गुणगान करण्याचें आम्हांस कारण नाहीं. ओसरीच्या कोपऱ्यांत बसविलेल्या मुलाचे हाल तेथेंही झालेच असतील. परंतु त्याचा सगळा भार एका बाईच्या कमरेवर नसे, एवढें खरें. हक्क मिळाला तोंवर घास भरविणारे हात मात्र दोनच उरले होते.

आतां गर्भाच्या कायद्याकडे वळूं. इंग्रज सरकारनें १८६० सालीं दंडसंहिता केली. तिच्या ३१२ व्या कलमाप्रमाणें, आईचा जीव वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूखेरीज गर्भपात करणारास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत कैद, अशी शिक्षा होती. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्याच कलमान्वयें गुन्हेगार ठरे. धाराशिव त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें व तेथील दंडसंहिता निराळी होती. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें, आणि एप्रिल १९५१ पासून १८६० ची दंडसंहिता इकडेही लागू झाली. स्वातंत्र्याबरोबर मराठवाड्याच्या पदरांत ज्या कांहीं गोष्टी पडल्या, त्यांत हें नव्वद वर्षांचें जुनें कलमही होतें.

त्या कलमाची धार इंग्रजी मुलखांत चालली ती बहुधा विधवांवर. पुनर्विवाह नाहीं, घरांतल्याच पुरुषानें केलेला अत्याचार बोलून दाखविण्याची सोय नाहीं, आणि दिवस राहिले तर गर्भ पाडणें, जन्मलेलें बालक मारणें, किंवा विहीर जवळ करणें, एवढेच मार्ग. पुण्यांत अशाच एका ब्राह्मण विधवेस बालहत्येपायीं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तें पाहून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. विधवेनें गुपचूप यावें, बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें किंवा ठेवून जावें, अशी तेथें सोय होती. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथें येऊन गेल्याचें जोतीरावांनींच लिहून ठेविलें आहे. तेथें जन्मलेला एका विधवेचा मुलगा यशवंत यास या दांपत्यानें दत्तक घेतलें. तो पुढें डॉक्टर झाला. धाराशिवच्या शेजारीं पंढरपुरासही लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं तसेंच गृह निघालें. प्रार्थनासमाजानें तें चालविलें, आणि पुढें नवरंगे बालकाश्रम या नांवानें तें ओळखलें जाऊं लागलें. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस बालहत्येसाठीं फांशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढें कमी झाली. परंतु त्या निमित्तानें वर्तमानपत्रांनीं साऱ्या स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ मध्यें ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें.

या थोर मंडळींनीं गर्भपाताचा हक्क मागितला नव्हता. ती भाषाच त्या काळीं नव्हती. त्यांनीं प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला. ही बाई या थरास कां येते, असा तो प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांनीं अधिक कडक दंड न मागतां एक दार उघडलें. आईला निवारा मिळाला आणि मुलाला पालनकर्ता मिळाला, तर जी गोष्ट अटळ वाटत होती ती अटळ राहत नाहीं, हें त्यांनीं करून दाखविलें. जिच्यापुढें एकच वाट मोकळी आहे तिनें ती वाट निवडली असें म्हणणें ही तिची थट्टा होय. एकोणिसाव्या शतकानें शिकविलेला हा धडा आपण विसाव्या शतकांत विसरलों, आणि तो कसा विसरलों हेंच पुढें पाहावयाचें आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत र. धों. कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. तें साल १९२१. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. या कार्यापायीं त्यांस कॉलेजांतील नोकरी सोडावी लागली आणि खटलेही झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ सालीं आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनीं मुंबईच्या विधानसभेंत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. या प्रयत्नांचें मूळ स्त्रीच्या प्रकृतीच्या व स्वातंत्र्याच्या काळजींत होतें. परंतु त्याच सुमारास पश्चिमेकडून आलेलें आणखी एक शास्त्र सुशिक्षितांच्या बैठकींत मान मिळवीत होतें. तें सुप्रजननशास्त्र. प्रजा किती असावी या प्रश्नाबरोबर प्रजा कशी असावी हाही प्रश्न विचारला जाऊं लागला. १९२९ च्या सुमारास आपल्या सोलापुरांतही सुप्रजननाच्या शिक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली होती. त्या काळच्या पुढारलेल्या माणसांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. गव्हाचें बीं निवडावें तशी माणसांची संतति निवडावी, हा विचार त्यांस शास्त्रीयच वाटे.

तो विचार कोठवर जाऊं शकतो हें जर्मनींत दिसून आलें. जुलै १९३३ मध्यें हिटलरच्या सरकारनें वंशपरंपरागत रोग असणारांचें सक्तीनें निर्बीजीकरण करण्याचा कायदा केला. १९३९ पासून व्यंग असलेल्या मुलांस व माणसांस सरकारी देखरेखीखालीं ठार मारण्यांत आलें. त्याच राज्यांत निरोगी जर्मन स्त्रीनें गर्भपात केला तर तिला जबर शिक्षा होई, आणि ‘अयोग्य’ ठरलेल्या स्त्रीवर तो लादला जाई. दोन्ही गोष्टींचें मूळ एकच होतें. गर्भ स्त्रीचा नव्हे, राष्ट्राचा, हें तें मूळ. गर्भपातास मोकळीक देणें आणि गर्भपाताची सक्ती करणें या दोन टोकांत फरक कशानें पडतो, याचें उत्तर येथें मिळतें. निर्णय कोणाचा, एवढ्यावरच तो फरक उभा आहे.

आपला १९७१ चा कायदा अर्थातच त्या जातीचा नव्हे. १९६४ सालीं केंद्र सरकारनें महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. अडाणी हातांनीं चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, आणि त्यांत बहुतेक विवाहित होत्या. विधवेच्या अब्रूचा प्रश्न म्हणून ज्याकडे लोक पाहत होते, तो मुख्यत्वें संसारी बाईच्या प्रकृतीचा प्रश्न निघाला. थॅलिडोमाइड या औषधामुळें १९५७ ते १९६१ च्या दरम्यान युरोपांत हजारों मुलें आंखूड हातापायांचीं जन्मलीं होतीं, आणि १९६७ मध्यें विलायतेनेंही आपला गर्भपाताचा कायदा सैल केला होता. १९७१ च्या ऑगस्टमध्यें आपला कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलांत आला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचें मत आणि वीस आठवड्यांपर्यंत दोघांचें मत पुरे, असें ठरलें. असंख्य बायकांचे प्राण ज्यामुळें वांचले असा हा कायदा आहे, आणि त्याचें ऋण मान्य केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं.

पण या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेंत गर्भपाताचीं तीन कारणें कोणत्या शब्दांत सांगितलीं आहेत, तें पाहण्यासारखें आहे. पहिलें आरोग्याचें, दुसरें माणुसकीचें, म्हणजे बलात्कार वगैरेंतून राहिलेल्या गर्भासाठीं, आणि तिसरें सुप्रजननाचें, म्हणजे मूल व्यंग घेऊन जन्मण्याचा धोका असेल तेव्हां. सोलापुरांत व अन्यत्र तिसऱ्या दशकांत जो शब्द व्याख्यानांत घुमत होता, तोच शब्द चाळीस वर्षांनीं संसदेच्या कागदावर उतरला. व्यंग असलेल्या मुलाची वाट आईसाठीं किती अवघड आहे, आणि ती चालण्याचें बळ तिला कोठून मिळेल, असा विचार त्या तिसऱ्या कारणामागें नव्हता. प्रजेच्या प्रतीचा विचार होता. शिवाय अधिकार दिला गेला तो डॉक्टराच्या मतास. स्त्रीचा हक्क असा शब्द त्यांत नव्हता. मुळांतलें दंडसंहितेचें कलम तसेंच राहिलें, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तरी तिच्या ८८ व्या कलमांत तो गुन्हा कायम आहे. आजही गर्भपात हा गुन्ह्याला केलेला अपवाद आहे.

जन्मास आलेल्या मुलांसाठीं या सर्व काळांत काय चाललें होतें? जें चाललें होतें तें बहुधा खाजगी माणसांच्या जिवावर. मुंबईस माझगांवांत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत बहिऱ्यामुक्यांची शाळा निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंधशाळा निघाल्या. १९४४ सालीं जय वकील व त्यांचे पति होरमसजी यांनीं आपल्या मुलीच्या निमित्तानें मुंबईंत मतिमंद मुलांची शाळा काढली. १९६४ सालीं पुण्यांत कामायनी ही शाळा सुरू झाली. मेंदूच्या पक्षाघातानें पीडित मुलांसाठीं मिठू अलूर यांनीं १९७२ मध्यें मुंबईंत संस्था स्थापन केली, त्याही स्वतः तशाच मुलीच्या आई होत्या. या इतिहासाचें एक लक्षण स्पष्ट आहे. ज्या आईबापांजवळ शिक्षण, पैसा व ओळखी होत्या, त्यांनीं आपल्या मुलासाठीं शाळा काढली आणि त्या शाळेंत दुसऱ्यांचीं मुलें आलीं. ज्या जिल्ह्यांत असे पालक नव्हते, त्या जिल्ह्यांत शाळाही नव्हती. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला तेव्हां येथें साध्या शाळांचीच वाण होती.

यानंतर यंत्रांचा काळ आला. गर्भजल तपासणी व सोनोग्राफी यांनीं गर्भाचें व्यंग दिसूं लागलें, आणि लिंगही दिसूं लागलें. व्यंगासाठीं आणलेलें यंत्र मुलीचा शोध घेण्याकडे वळविलें गेलें. हें थांबविण्यासाठीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत सर्वांच्या आधीं कायदा केला. १९९४ मध्यें केंद्राचा कायदा झाला. तरीही २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें ८९४ मुली निघाल्या, आणि धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत अवघ्या ८०७. व्यंग नको आणि मुलगी नको या दोन गोष्टी एकाच मापानें मोजतां येत नाहींत हें खरें. पण प्रजेची निवड करण्याची संवय एकदां लागली कीं, ती कोठें थांबेल याचा नेम नसतो, हें त्या आंकड्यानें दाखविलें. आणि या गुन्ह्यावर छापे पडूं लागले तेव्हां त्याची झळ निरपराध बाईसही लागली. कायदेशीर गर्भपात करण्यासही अनेक डॉक्टर कचरूं लागले, आणि औषधविक्रेत्यांनीं गोळ्या ठेवणें सोडलें.

त्याच दशकांत दुसरी एक घटना घडली. फेब्रुवारी १९९४ मध्यें शिरूर येथील सरकारी वसतिगृहांतील कांहीं मतिमंद मुलींचीं गर्भाशयें पुण्याच्या ससून रुग्णालयांत काढण्यांत आलीं. पाळीच्या वेळीं त्यांची स्वच्छता राखतां येत नाहीं, असें कारण दिलें गेलें. मोठा गहजब झाला व तें थांबलें. देखभालीस माणसें पुरत नाहींत म्हणून मुलीचा अवयवच काढून टाकावयाचा, हा आधाराच्या अभावाचा अगदी नागडा पुरावा होता. पुढें २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चंडीगढच्या एका मतिमंद स्त्रीच्या प्रकरणांत, तिला मूल हवें असतां तिच्यावर गर्भपात लादतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यानें, अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीवांचून तिचा गर्भपात करणें हा गुन्हा ठरविला, फक्त अतितीव्र अपंगत्वाच्या प्रसंगीं पालक व डॉक्टर यांच्या मतानें अपवाद ठेविला. गर्भाच्या हक्काचा विचार करितांना अपंग म्हणजे नेहमीं पोटांतलें मूल, असें आपण धरून चालतों. अपंग ही कधीं ती आईच असते, याची आठवण या प्रकरणांनीं करून दिली.

न्यायालयांत पुढें काय झालें? २००८ सालीं मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनीं आपल्या एका रुग्ण स्त्रीसह उच्च न्यायालयांत अर्ज केला. गर्भाच्या हृदयांत दोष असल्याचें वीस आठवड्यांची मर्यादा उलटल्यावर कळलें होतें. न्यायालयानें परवानगी नाकारली. थोड्याच दिवसांत तिचा गर्भ आपोआप पडला. पण त्या अर्जानें चर्चेला तोंड फुटलें. २०२१ च्या सुधारणेनें कांहीं वर्गांतील स्त्रियांसाठीं मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि गर्भांत मोठें व्यंग असल्याचें वैद्यकीय मंडळानें ठरविल्यास कालमर्यादाच ठेविली नाहीं. ‘पति’ हा शब्द जाऊन ‘जोडीदार’ हा शब्द आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रीसही तोच अधिकार असल्याचें सांगितलें. जानेवारी २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें तेहतीस आठवड्यांच्या गर्भाचें प्रकरण आलें. मेंदूच्या वाढींत गंभीर दोष होता, तरी काळ फार लोटला म्हणून मंडळानें नकार दिला होता. न्यायमूर्ति गौतम पटेल व दिगे यांनीं निर्णय मंडळाचा नव्हे, त्या स्त्रीचा आहे, असें ठरविलें. आणि मंडळानें त्या दांपत्याच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा विचारच केला नाहीं, याचीही नोंद केली.

ही नोंद आमच्या मतें फार महत्त्वाची आहे. गर्भाचें व्यंग ही वैद्यकाची गोष्ट. पण त्याचा भार किती, ही घरच्या परिस्थितीची गोष्ट आहे. तेंच व्यंग मुंबईच्या एखाद्या घरांत पेलतां येईल आणि परांड्याच्या एखाद्या घरांत पेलणार नाहीं. म्हणजे निर्णयाचा अर्धा भाग पोटांत ठरतो व अर्धा भाग बाहेर. आणि हा बाहेरचा अर्धा भाग सरकारच्या व समाजाच्या हातचा आहे.

या दृष्टीनें धाराशिव जिल्ह्याकडे पाहावें. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे आठ तालुके. २०११ ची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर. गर्भाच्या व्यंगाची सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत करावयाची असते. या भागांतून दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीस निघतो तो उन्हाळ्यांत परततो. ज्या बाईला या हंगामांत पांचवा महिना लागतो, तिची तपासणी फडांत कोण करणार? परत आल्यावर दोष कळला तर मर्यादेचा काळ उलटून गेलेला असतो. मग वैद्यकीय मंडळ, आणि त्यानें नकार दिला तर छत्रपति संभाजीनगरचें खंडपीठ, जवळजवळ अडीचशें किलोमीटरांवर. कायद्यानें दिलेला हक्क अशा रीतीनें एस्‌टीच्या भाड्यावर व बुडालेल्या मजुरीवर येऊन अडतो.

मूल जन्मलें, तर पुढची वाट सुरू होते. कागदावर ती आतां पूर्वीइतकी ओसाड नाहीं. १९८० च्या संजय गांधी निराधार योजनेंतून अनुदान मिळतें. २०२३ सालीं तें दरमहा १,५०० रुपये करण्यांत आलें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्न, मतिमंद व मेंदूच्या पक्षाघातानें पीडित व्यक्तींस, त्या सज्ञान झाल्यावरही, कायदेशीर पालक नेमण्याची सोय जिल्हा पातळीवर केली. त्याच न्यासाच्या निरामय योजनेंत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत मुलांच्या जन्मजात दोषांची तपासणी होते. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रानें दिव्यांगांसाठीं स्वतंत्र खातें उघडलें. जवळच लातूर जिल्ह्यांत हरंगुळास ‘संवेदना’ हें मेंदूच्या पक्षाघातानें पीडित मुलांचें केंद्र आहे. तुळजापूर तालुक्यांत अणदूर येथें डॉ. शशिकांत अहंकारी यांनीं १९९३ च्या सुमारास उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतील बायकांनाच ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून तयार केलें, आणि शिकलेली शेजारीण ही दूरच्या दवाखान्याइतकीच मोलाची असते हें दाखवून दिलें.

हें सर्व असतांही आईचा दिवस फारसा बदलत नाहीं, कारण या सोयी तिच्याकडे येत नाहींत. तिनें त्यांच्याकडे जावयाचें असतें. दाखल्यासाठीं जिल्ह्याच्या गांवीं खेप, शिक्क्यासाठीं दुसरी खेप, आणि प्रत्येक खेपेस आठदहा वर्षांचें न चालणारें मूल कडेवर. शिवाय प्रत्येक आईबापांच्या मनांत जो एक प्रश्न रात्रीं जागा असतो, आमच्यामागें याचें कसें, त्याला कोणत्याही योजनेच्या कागदांत पुरतें उत्तर नाहीं. कायद्यानें नेमलेला पालक सही करील, भरवील कोण?

येथें दोन आक्षेप घेतले जातात. अपंगांच्या चळवळींतील कांहीं विचारवंत म्हणतात कीं, इतर कारणांसाठीं कालमर्यादा आणि व्यंगासाठीं मात्र ती नाहीं, याचा अर्थ आमचें जिणें कमी मोलाचें असाच होतो. या म्हणण्यांत सत्य आहे, आणि १९७१ च्या उद्देशपत्रिकेंतील तो शब्द त्याची साक्ष देतो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, आधाराच्या गोष्टी फार बोलल्यास उद्यां आईवर दडपण येईल. सोय आहे ना, मग जन्म दे, असें तिला सांगण्यांत येईल. हें भयही खोटें नाहीं. आम्हांस वाटतें, दोहोंचें उत्तर एकच आहे. गर्भपाताचें समर्थन मुलाच्या किंमतीवर न ठेवतां आईच्या निर्णयावर ठेवावें. आणि आधार हा जन्म दिल्याचें बक्षीस किंवा जन्म देण्याची अट म्हणून नव्हे, तर जन्मलेल्या मुलाचा हक्क म्हणून द्यावा. मग जी स्त्री नको म्हणते तिला कोणी निष्ठुर म्हणणार नाहीं, आणि जी हवें म्हणते तिला कोणी वेडी म्हणणार नाहीं. शिवाय सारें व्यंग जन्मानेंच येतें असें थोडेंच आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिवच्या गांवांत धडधाकट माणसें ढिगाऱ्याखालून पांगळीं होऊन निघालीं. त्यांस टाळणारी सोनोग्राफी कोणती होती?

मराठी मनाला आधाराचा अर्थ परका नाहीं. हातपाय नसलेला कूर्मदास पैठणाहून पंढरपुरास सरपटत निघाला, आणि लऊळपाशीं त्याची शक्ति संपली, तेव्हां विठ्ठलच त्याच्या भेटीस तेथवर आला, अशी कथा वारकऱ्यांच्या घरोघरीं सांगतात. त्या कथेंत देवानें कूर्मदासास पाय फुटविले नाहींत. देव स्वतः चालून गेला. सरकारी योजना आखणारांनीं यांतला चमत्कार सोडून द्यावा आणि दिशा तेवढी ध्यानांत घ्यावी.

आमची मागणी मोठी नाहीं. ज्या दिवशीं डॉक्टर एखाद्या बाईस तिच्या गर्भांतलें व्यंग सांगतो, त्याच दिवशीं त्याच खोलींत तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या जाव्यात: कायद्यानें गर्भ काढण्याची मोकळीक कोठवर आहे ती, आणि मूल ठेवल्यास तालुक्याच्या गांवीं कोणतें केंद्र, कोणता खर्च, कोणती शाळा व कोणतें माणूस तिला मिळेल तें. आणि ऊसतोडीस जाणाऱ्या बाईची तपासणी ती निघण्यापूर्वीं किंवा फडावर व्हावी. दुसऱ्या गोष्टीचें उत्तर जोंवर ‘कांहीं नाहीं’ असें आहे, तोंवर पहिल्या गोष्टीस निवड म्हणतां येणार नाहीं. १८६३ सालीं पुण्यांतल्या एका घरानें एक दार उघडलें होतें, तें एका दांपत्याच्या हिमतीवर. आतां कायदा आहे, खातें आहे, पैसाही कांहीं आहे. उरलें आहे तें कायद्याच्या या दोन पुस्तकांतील चोवीस वर्षांचें अंतर, जें धाराशिवच्या आईस रोज आपल्या पायांनीं कापावें लागतें.